केडगाव, १९०५ : बादली घेऊन धावलेली मुलगी

आज आपण केडगावला जाणार आहोत. पुण्याहून दौंडकडे निघालात की वाटेत लागतं, तेच केडगाव. तारीख २९ जून १९०५, पहाटेचे साडेतीन.

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली झोपल्या होत्या. एक मुलगी अचानक जागी झाली. बघते तर शेजारच्या मुलीला ज्वाळांनी वेढलंय! ती धावत गेली, पाण्याची बादली घेऊन आली. आता ओतणार, एवढ्यात तिच्या लक्षात आलं, की शेजारीण जळतच नाहीये. तासाभरात बहुतेक मुली तिथे गोळा झाल्या. कुणी रडतंय, कुणी प्रार्थना करतंय, कुणी आपल्या हातून काय काय चुकलं ते मोठ्याने सांगतंय.

ही हकिगत आपल्याला कळते ती मिनी अब्राम्स यांच्या लिखाणातून. या अमेरिकन मिशनरी बाई तिथे रमाबाईंबरोबर काम करत होत्या. आता तुम्ही म्हणाल, मिशनरीच त्या, चमत्कारच लिहिणार! बरोबर आहे. पण मी त्या बादलीपाशी अडकते. नुसता चमत्कार रचायचा असता तर कुणी बादली कशाला घातली असती? त्या मुलीने काहीतरी पाहिलं आणि दुष्काळातून आलेल्या कुठल्याही शहाण्या मुलीने केलं असतं तेच केलं. नेमकं काय पाहिलं, ते मी सांगू शकत नाही. मला स्वतःला असा अनुभव कधी आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. नेहमीसारख्या, शांतपणे. आणि मुली एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. एकेक करून नाही, सगळ्या एकाच वेळी. इतका आवाज झाला, की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

जरा विचार करा, थांबलं कोण? कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, ती बाई! आणि थांबवलं कुणी? ज्यांना घरीदारी कुणी दोन शब्द बोलू दिले नव्हते, अशा मुलींनी. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण असेच दुष्काळाच्या दिवसांत गेले होते, हे विसरू नका.

हे सगळं आकाशातून पडलं का? तसं नाही. १९०४ मध्ये वेल्समध्ये संजीवनाची मोठी लाट उठली होती. खासी टेकड्यांमध्ये वेल्सचेच मिशनरी होते, १९०५ मध्ये ती तिथेही पोचली. रमाबाईंच्या कानावर या बातम्या येत होत्या. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी खास प्रार्थनेसाठी बोलावलं तेव्हा सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमायच्या. पाच-सहा महिने रोज एकाच गोष्टीची वाट बघायची म्हटल्यावर मन काठोकाठ भरतं. कुणी म्हणेल, मग हे मनाचेच खेळ. श्रद्धावंत म्हणेल, मागितलं म्हणून मिळालं. दोघेही त्याच साडेपाचशे जणींकडे बोट दाखवणार.

पुढे अन्य भाषांत बोलण्याचे प्रकारही झाले. एका मिशनरींनी तर लिहून ठेवलंय, की इंग्रजी येत नसलेल्या बाईला मी इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकलं.

आता अवघड भाग. रमाबाईंवर दोन्हीकडून टीका झाली. हिंदू समाजाचा राग जुनाच होता. १८९३ मध्ये शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातंय म्हणून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा प्रश्न खोटा नव्हता, आणि केडगावला तर तो जास्तच टोचतो. ज्या मुलीचं जेवण, कपडे, छप्पर सगळं एकाच घरातून येतं, तिने त्या घराचा देव स्वीकारला तर किती मनाने आणि किती उपकाराने? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कुणी फटकन उत्तर दिलं तर मला संशय येतो.

पण दुसरी बाजू बघा. गोऱ्या ख्रिस्ती मंडळींतले काहीजणही नाराज होते. हा काय गोंगाट? हे काय अंग थरथरणं? माझा अंदाज असा, की त्यांना हे ‘अंगात येण्या’सारखं दिसलं असणार. १९०७ मध्ये रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेअर बेल’ या आपल्या नियतकालिकात उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा असा होता : पवित्र आत्म्याला इतर देशांत जी मोकळीक आहे ती भारतीय ख्रिस्ती लोकांमध्ये का नको? इंग्रज-अमेरिकन सभ्यतेच्या मापात न बसणारं सगळं सैतानाचंच कसं? वा! मला रमाबाई इथे सर्वांत जास्त आवडतात. धर्म बदलला, पण बाई कुणाच्या ताब्यात गेली नाही.

त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला. पण पुढे त्यांनीच लिहिलं, की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. त्यामुळे बाप्तिस्म्याची तारीख आणि माणूस आतून हलण्याची तारीख वेगळी असू शकते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. मुक्तीतल्या कितीतरी मुली १९०५च्या आधीच ख्रिस्ती होत्या. त्या रात्री त्यांचा धर्म बदलला नाही. कबुल्या, रडणं, नंतर टोळ्या करून गावोगाव प्रार्थनेला जाणं, हे सगळं त्या नावापुरत्या श्रद्धेच्या आत घडलं.

आणि ही गोष्ट गेली कुठवर माहितीये? पेंटेकॉस्टल चळवळ म्हटलं की लोक लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं नाव घेतात. ते १९०६चं. केडगाव त्याच्या आधीचं! मिनी अब्राम्स यांनी या अनुभवांवर पुस्तिका लिहिली आणि १९०७ मध्ये ती चिलीतल्या वालपराइसो शहरात आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मिसेस हूव्हर यांना पाठवली. त्यांचे पती तिथे मेथडिस्ट पाळक. १९०९ मध्ये त्यांच्या मंडळीत असाच भडका उडाला, मेथडिस्ट चर्चशी फाटलं आणि चिलीची पेंटेकॉस्टल चर्चेस उभी राहिली. दौंड तालुक्यातली बातमी, टपालाने, थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यावर.

बादलीवाल्या मुलीचं पुढे काय झालं, ते अब्राम्सबाई सांगत नाहीत. त्या लगेच प्रार्थनेकडे वळतात.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी संजीवन सभेला गेलं असेल, कीर्तनात किंवा दर्ग्यावर असं काही पाहिलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगितलं नाहीत तरी चालेल. पुढच्या भागात नारायण वामन टिळक आणि त्यांचा १९१७चा ‘देवाचा दरबार’. भेटूया!