संध्याकाळची सही



जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलंत, त्याबद्दल आभार मानतो. निवृत्त माणसाला अध्यक्ष केलं की त्याला कोणी नोटीस काढू शकत नाही, हे लक्षात घेऊनच तुम्ही निवड केली असणार. त्या सवलतीचा मी आज पुरेपूर फायदा घेणार आहे. 

अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदं भारताकडे आली आणि प्रतीक वाईकर, प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. टाळ्या झाल्या, सत्कार झाले, फ्लेक्स लागले. बाकीचा आढावा स्मरणिकेत छापलेला आहे, तो घरी जाऊन वाचा. मला सकाळच्या परिसंवादाबद्दल बोलायचं आहे.

‘क्रीडाशिक्षकांची गळती’ हा विषय होता. एका वक्त्याने सांगितलं की हल्लीच्या पोरांत निष्ठा राहिली नाही. दुसऱ्याने सांगितलं की सगळा पैशाचा खेळ आहे. तिसऱ्याने मोबाईलवर खापर फोडलं. त्यांचं वय पाहता ते क्षम्य आहे. आणि मग ठराव क्रमांक चार वाचून दाखवला गेला: शाळेत रुजू होणाऱ्या क्रीडाशिक्षकाकडून पाच वर्षं शाळा न सोडण्याचं हमीपत्र घ्यावं, अशी शासनाला विनंती. त्यालाही टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो.

कोण जातंय आणि कुठे जातंय, हे आपल्याला माहीत आहे. पुण्याजवळच्या सीबीएसई शाळांत जातात, पाचगणीकडच्या निवासी शाळांत जातात, खासगी क्रिकेट अकादम्यांत जातात. सगळ्यात जास्त जातात ते पोलीस भरतीच्या अकादम्यांत. तालुक्याच्या गावाला हमरस्त्यावर पत्र्याची शेड आणि मुरमाचा ट्रॅक दिसला, की आत शिट्टी फुंकणारा माणूस बहुधा आपलाच बी.पी.एड. असतो.

पगाराचं कारण खोटं नाही. 2012 साली शिक्षकभरती बंद झाली आणि आपली किती मुलं वयोमर्यादा ओलांडून घरी बसली, ते या सभागृहातल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. कायमच्या जागेवर घेतला तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. 2023 मध्ये मानधन वाढवलं तेव्हा माध्यमिकचे 18,000 झाले. नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्याला जुनी पेन्शन नाही. शाळा विनाअनुदानित असेल तर 20 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर जाईपर्यंत माणसाचं लग्नाचं वय निघून जातं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातसुद्धा सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, एवढंच आलं आहे. पूर्णवेळ माणूस हवा, हे कायदा करणाऱ्यांनाही सुचलं नाही.

पण पगार-पेन्शनचं हे दुखणं गणिताच्या शिक्षकालाही कमी-अधिक लागू आहे. मग गणिताचा शिक्षक टिकतो आणि आपला का जातो? माझ्याच भागात घडलेली एका तरुण क्रीडाशिक्षकाची गोष्ट सांगतो. शाळेचं नाव सांगणार नाही आणि त्या पोराचंही नाही.

गाव डोंगराकडेचं. मैदान म्हणजे आठवडी बाजाराची जागा. या मुलाने तिथे खो-खोचा मुलींचा संघ उभा केला. मंगळवारी बाजार उठला की भाजीचा पाला, फुटक्या बाटल्या, खडे वेचायचे. मग स्वतःच्या पैशाने आणलेली फक्की मारायची. दोन खांब त्याने गावच्या सुताराकडून करून घेतले होते. टोकं इतकी घासून गुळगुळीत केलेली की झेप घेऊन खांबावरून वळणाऱ्या पोरीच्या तळहाताला कुसळ लागू नये. बांधावर एका मुलीची आई गवत कापत बसायची. गवत कापायचं निमित्त, लक्ष सगळं पोरीकडे. सर आहेत म्हणून पोरगी मैदानावर, एवढा साधा करार होता. त्या मुली तालुक्याला जिंकल्या, जिल्ह्याला जिंकल्या, विभागाला गेल्या. आणि ऐन दिवाळीत सरांनी निवासी शाळेचं नेमणूकपत्र घेतलं.

संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुमचं ऐकेल, जरा समजावा. मी त्याच्या खोलीवर गेलो. चहा झाला. गावाचं ऋण, मुलींचं भविष्य, जे जे आपण अशा वेळी म्हणतो ते सगळं मी म्हणालो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “थांबतो की सर. फक्त संध्याकाळची सही कुठं करू, तेवढं सांगा.”

मला कळेना. मग त्याने उलगडून सांगितलं. मस्टरवर सकाळी दहा पन्नास ते पाच. पोरी मैदानावर येतात सकाळी सहाला आणि संध्याकाळी सव्वापाचला. “मी जे पाचच्या आत करतो त्याचा पगार मिळतो. शालेय पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, यू-डायसची माहिती भरतो, गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर बसतो, पंधरा ऑगस्टला कवायत बसवतो. खो-खो शिकवतो ते पाचनंतर. त्याची नोंद कुठंच नाही. तिकडं त्यांनी पत्रात लिहूनच दिलंय: सकाळी दीड तास, संध्याकाळी दोन तास प्रशिक्षण. त्याचाच पगार देतात.”

मी संस्थेकडे गेलो आणि अध्यक्षांना तोच प्रश्न विचारला. ते हसले. म्हणाले, “अहो, आज याला सही दिली तर उद्या गॅदरिंग बसवणाऱ्या बाई पण मागतील.”

मागू देत ना! त्या बाई डिसेंबरभर रात्री आठपर्यंत पोरींच्या वेण्या घालत थांबतात, त्यांनी का मागू नये?

तेव्हापासून हे डोक्यात बसलं आहे, आणि आज माईक हातात आहे म्हणून बोलतो. आपला माणूस त्याच कामाचा जास्त पगार मिळतो म्हणून जात नाही. तो जे काम खरोखर करतो, त्याचा आयुष्यात पहिल्यांदा पगार मिळतो म्हणून जातो. सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन तास सरकारच्या लेखी घडलेलेच नसतात. त्या तासांत पोरगी पडून हात मोडला तर मात्र घडलेले असतात, कारण चौकशीत पहिला प्रश्न येतो: शाळा सुटल्यावर मुली मैदानावर कोणाच्या परवानगीने होत्या?

दुपारी जेवताना एक सन्मित्र म्हणाले, अहो, अमेरिकेतही हेच चालतं. त्यांची मुलगी तिकडे असते. माझाही भाचा टेक्सासमध्ये आहे, तेव्हा या वादात मला थोडा अधिकार आहे. तिकडे हायस्कूलचा कोच बहुधा शाळेतच शिकवणारा शिक्षक असतो. शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे जिथे घरं महाग तिथली शाळा श्रीमंत. भाच्याच्या घराजवळ ॲलन नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलचं फुटबॉल मैदान 2012 साली सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून बांधलं, बसायला 18,000 जागा. दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून ते बंद ठेवावं लागलं, हे ऐकून मला जरा आपलेपणा वाटला. अलाबामातले नावाजलेले कोच शेजारच्या जॉर्जियात जातात, कारण तिकडचे डिस्ट्रिक्ट जास्त देतात. आणि मागे राहिलेलं गाव त्यांच्या नावाने बोटं मोडतं. गळती तिकडेही आहे, मान्य. पण त्या कोचच्या करारात शिक्षकाच्या पगारावर कोचिंगची वेगळी रक्कम लिहिलेली असते. लहान गावात ती तुटपुंजी असते, म्हणून तो मोठ्या रकमेकडे जातो. त्यांचं भांडण आकडा किती यावर आहे. आपल्याकडे तो आकडा लिहायला रकानाच नाही. ही दोन भांडणं एक नव्हेत, आणि सन्मित्रांनी जिलेबीवर लक्ष केंद्रित केलं ते बरंच झालं.

आता थोडं नाजूक. आपण कराडात बसलो आहोत. खाशाबा जाधव इथून जवळच्या गोळेश्वरचे, इथल्याच टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. 1952 साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्यांना तिकडे जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आपण सगळे सांगतो. मीही सांगत आलो आहे. सकाळपासून या व्यासपीठावरून ती तीन वेळा सांगून झाली आणि तिन्ही वेळा लोकांनी डोळे पुसले. खर्डेकरांपुढे मी नतमस्तक आहे. पण एका प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं, याची लाज कोणाला वाटायला हवी होती, हे त्या गोष्टीत कधीच येत नाही. ती गोष्ट आपण सरकारला ऐकवत नाही, तरुण शिक्षकाला ऐकवतो. बघ, लोकांनी घरं गहाण टाकली आणि तू फक्कीचे पैसे मागतोस! त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. इतकी वर्षं आपण त्या गहाणखतावर भाषणं ठोकत राहिलो.

आणि 2024 चं पदक कसं आलं, तेही पाहा. स्वप्नील 2009 मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि नाशिकला नेमबाजी शिकला. म्हणजे प्रशिक्षक मिळावा म्हणून पोराला गाव सोडावं लागलं. प्रबोधिनी चांगलीच आहे. तिच्याविरुद्ध बोललो तर माझीच जीभ झडेल. पण तिथे मूठभर पोरं जातात. उरलेल्यांच्या नशिबी गावची शाळा आणि पाचनंतर कोणी थांबलंच तर तो माणूस. तो गेला की काय होतं? त्या डोंगराकडेच्या गावात नवीन सर आले. चांगले होते, पण बाहेरगावाहून ये-जा करायचे. पाच वीसची एसटी चुकली तर पुढची साडेसातला. बांधावरची आई पोरीला म्हणाली, सर नाहीत तर सरळ घरी ये. भांडण नाही, तक्रार नाही. महिन्याभरात खांबांना बाजारकरी ताडपत्री बांधायला लागले.

निष्ठेचं व्याख्यान मला त्या बाजाराच्या मैदानावर उभं राहून कोणी द्यावं.

पुढे काय करायचं, असं अध्यक्षाला विचारतात. माझ्याकडे एक मसुदा आहे. कच्चा आहे, पुढच्या बैठकीपर्यंत पक्का करू. त्यात प्रशिक्षण भत्ता नावाची स्वतंत्र मागणी आहे. मैदानावरचे जादा तास मुख्याध्यापकांनी प्रमाणित करायचे आणि त्यावर भत्ता. किती, ते वेतनश्रेणीच्या जाणकारांनी बसून ठरवावं. स्पर्धेला पोरं घेऊन जाणाऱ्याचा प्रवासखर्च आणि विमा, हेही त्यात यावं. मुलींच्या संघासोबत जाणाऱ्या मॅडमचं काय, यावर महिला प्रतिनिधींनी टिपण द्यावं; ते तीन वर्षांपूर्वीही मागितलं होतं, पण असो. मंत्रिमहोदयांना शिष्टमंडळ भेटेलच. शिष्टमंडळं भेटतात, फोटो येतो. त्याआधी आपल्या हातात कागद हवा, कारण मंत्रालयात कागदाशी बोलतात, घामाशी नाही.

म्हणून प्रत्येकाने साधी दोनशे पानी वही घ्या. रोज मैदानावर आलात ती वेळ, गेलात ती वेळ, हजर मुलं, खिशातून गेलेले पैसे लिहा. आठवड्याला मुख्याध्यापकांची सही मागा. त्यांनी नकार दिला तर ‘सही नाकारली’ असं लिहून तारीख टाका, भांडू नका. पुढच्या अधिवेशनाला या वह्या घेऊन या. शाळा सोडून गेलेल्या आपल्या शिक्षकांनाही बोलवा. त्यांनी नेमणूकपत्रांच्या प्रती आणाव्यात. त्यात तासांचा हिशेब कसा लिहिलेला असतो, ते आपल्याला शिकायचं आहे. त्यांना गद्दार म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी घरी थांबलं तरी चालेल.

राहिला ठराव क्रमांक चार. ज्या माणसाच्या चार तासांचा हिशेब कोणी ठेवत नाही, त्याच्याकडून पाच वर्षांची हमी मागणारा कागद या संघटनेच्या नावावर जाणार नाही. खुल्या अधिवेशनात तो मांडायला मी परवानगी देत नाही. सूचक आणि अनुमोदक यांनी हरकत नोंदवायची असेल तर कार्यवाहांकडे लेखी द्यावी. ठराव क्रमांक पाच घ्या.