रक्ताची गाठ आणि आपले गाफीलपण



आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण उसाच्या फडात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. मग या विषयावर बोलण्याचा आम्हांला काय अधिकार? अधिकार एवढाच, की या अज्ञानाची किंमत आमच्या एका सोबत्याने प्राणाने मोजली, आणि त्या अज्ञानात आम्हीही वाटेकरी होतो.

मोळी घेऊन ट्रकवर चढताना तो घसरला, नडगी मोडली. प्लास्टर घालून तो खोपीत पडून राहिला. तिसऱ्या आठवड्यात प्लास्टरच्या वर मांडी सुजली, ठणकू लागली. आम्हीच म्हणालो, "हाड जुळतंय, सूज यायचीच." कोणी तेल लावून मांडी रगडून दिली. चार दिवसांनी पहाटे त्याला एकाएकी धाप लागली. गाडी येईपर्यंत सारे आटोपले होते. पायातली गाठ सुटून फुप्फुसात अडकली असावी, असे पुढे एका डॉक्टरांनी आम्हांला समजावले.

ही गाठ होते कशी? रुडॉल्फ व्हिरचो या जर्मन वैद्याने १८५६ च्या सुमारास याचा उलगडा केला. हा गृहस्थ आम्हांला जवळचा वाटतो. कारण १८४८ साली सायलेशियातील टायफसच्या साथीवर त्याने जो अहवाल दिला, त्यात गरिबांना शिक्षण आणि स्वातंत्र्य द्या, असे बजावले होते. गाठीची कारणे तीन: रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. पाटाचे पाणी थबकले की गाळ बसतो, तसेच हे. पोटरीचे स्नायू हलले, की पायातले रक्त वर चढायला मदत होते.

१९४० साली लंडनमध्ये बाँबच्या भीतीने लोक तळघरांत रात्ररात्र खुर्च्यांवर बसून राहत. त्यांच्यांतील काहीजण अशाच गाठींनी दगावले. २००४ साली जपानमध्ये नीगाता भागात भूकंप झाला, तेव्हा मोटारींत मुक्काम केलेल्यांनाही तेच भोवले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोसलेल्या या सास्तूर गावाला, हाड मोडून अंथरुणाला खिळणे म्हणजे काय, हे आम्ही काय सांगावे?

धोका आणखी कोणाला? मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पडून असलेल्यांना, कर्करोग्यांना, पूर्वी गाठ झालेल्यांना, संततिनियमनाच्या काही गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना. आणि गरोदर व बाळंतिणीला. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे विशेष जोखमीचे. आणि आपण काय करतो? सव्वा महिना तिला बाजेवरून उठू देत नाही, काही घरांत पाणीही मोजून देतो! तिचे डोके असह्य दुखले, झटका आला, तर बाधा झाली म्हणून अंगारा लावतो. मेंदूच्या शिरेत गाठ झाल्यानेही हे होते. मायबहिणींनो, त्या वेळी अंगारा नको, दवाखाना गाठा.

आता खुणा ध्यानात ठेवा. एकाच पायाला सूज, पोटरीत किंवा मांडीत दुखणे, कातडी गरम वा लालसर होणे, ही पहिली खूण. एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, घेरी, ही दुसरी. ती दिसली की क्षणाचाही विलंब नको, १०८ ला फोन करा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे, ही मेंदूतली खूण. गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सुजलेला पाय रगडू नका. रक्त पातळ ठेवण्याचे औषध मनाने बंद करू नका. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर चालू लागा, भरपूर पाणी प्या, लांबच्या प्रवासात पाय हलवा.

आम्ही आयुष्यभर कामगाराला सांगत आलो, की अन्याय मुकाट्याने सोसू नकोस. आज एवढेच जोडतो, की एका पायाची सूजही मुकाट्याने सोसू नकोस. त्या सोबत्याला हे सांगायला आम्ही चुकलो; तुम्ही चुकू नका.