माणशी अर्धा एकर
(ग्रामसभा सदस्यांच्या शिबिरात दिलेले भाषण)



विहीर एकाच्या मालकीची असते. परंतु तिला पाणी पुरविणारा भूगर्भातील झरा कोणाच्याही सातबाऱ्यावर नोंदलेला नसतो. एकाने विहीर खोल नेली की शेजाऱ्याची आटते. म्हणूनच पाण्याचा प्रश्न जितका स्थापत्यशास्त्राचा, तितकाच शेजारधर्माचाही आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात या प्रश्नाचे जे उत्तर शोधले गेले, त्याचा परिचय आज करून द्यावयाचा आहे.

१९७२ च्या भीषण दुष्काळात पुण्याचे अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे या तालुक्यात आले. जमिनीचे धनी असलेले शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानाची सुमारे ४० एकर माळजमीन खंडाने घेतली, तेथे माती व पाणी अडविले आणि बेताच्या पाण्यावरही पीक उभे राहते हे दाखवून दिले. १९७४ साली ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झाले व त्यातून पाणी पंचायतीची चळवळ आकारास आली.

पंचायतीचे नियम साधे, पण कठोर होते. पाण्याचा वाटा कुटुंबातील माणसे मोजून ठरे: माणशी अर्धा एकर, कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर. उसास मनाई होती. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासमवेत जात नसे. योजनेच्या खर्चाचा २० टक्के भाग सभासदांनी स्वतः उभारावयाचा असे. भूमिहीनांसही वाटा होता. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसून त्यांनी तो उपयोगात आणावा, अशी कल्पना होती.

या हिशेबाचा अर्थ ध्यानी घ्यावा. पाच माणसांच्या कुटुंबाची जमीन तीन एकर असो वा तीस, त्यास पाणी अडीच एकरांचेच. मोठ्या खातेदारास हे सहजी रुचणारे नव्हते. परंतु वाटा सर्वांच्या डोळ्यांसमोर ठरत असल्याने पाटकऱ्याशी तंटा करण्यास जागा उरत नसे, आणि ज्याने पदरचे पैसे घातले तो पाट फुटू देत नसे.

साळुंखे २००२ मध्ये निवर्तले. पुढे २००५ च्या अधिनियमाने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपविण्यास कायद्याचे अधिष्ठान दिले, हे मोठेच पाऊल होय. तथापि या संस्थांचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारणेशी निगडित आहे. ज्याच्यापाशी जमीन नाही, त्याचा पाण्यावर हक्क कोणता, हा नायगावने उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे आजही आपल्यापुढे उभा आहे.

आपल्या गावी बंधारा बांधला जाईल, तलावातील गाळ निघेल. त्या कामाचा नारळ फोडण्यापूर्वी ग्रामसभेत एक यादी वाचली जावी. ती जमिनीच्या गटांची नसावी, गावातील माणसांची असावी. पाणी साठल्यावर वाटणीचा विचार करू म्हटले, तर तोवर ते बळवंतांच्या शेतात पोहोचलेले असते.