विसराळूपणा की व्याधी?

कपाळावर चढविलेला चष्मा घरभर शोधणारे आजोबा प्रत्येक वाड्यावर आढळतात. ती व्याधी नव्हे. परंतु वर्षानुवर्षे बिनचूक हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला सुटे पैसे मोजता येईनासे झाले, तोच प्रश्न घटकेघटकेला येऊ लागला किंवा देवळाकडून घरी येणारी रोजची वाट चुकू लागली, तर 'वय झाले' एवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे.

अनेकदा पहिली चाहूल भांडणाच्या रूपाने लागते. सासूबाई स्वतःच जपून ठेवलेली बांगडी कोठे ठेवली ते विसरतात आणि आळ येतो सुनेवर! घर दुभंगते, हा मेंदूचा विकार असू शकेल, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. १९०६ साली जर्मन डॉक्टर आलॉइस आल्झायमर यांनी ज्या रुग्णेची हकिकत मांडली, तिच्या आजाराचा आरंभही पतीविषयीच्या संशयानेच झाला होता.

थायरॉइडची न्यूनता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही स्मृती मंदावते, आणि ती पुष्कळदा उपचारांनी सुधारते. आल्झायमर समूळ बरा करणारे औषध नाही. तथापि निदान वेळीच झाल्यास काहींची लक्षणे काही काळ सौम्य राखता येतात. शिवाय जमीनजुमल्याचे निर्णय रुग्णाला शुद्धीत असताना स्वतः घेता येतात.

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. गोव्यात पुढील तपासणीसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्ण बहुधा 'मला काही झालेले नाही' असेच सांगतो. म्हणून घरातील जाणते माणूस सोबत असावे. चालू असलेल्या सर्व गोळ्या आणि बदल केव्हापासून जाणवले त्याची टिपणे बरोबर न्यावीत.