पहाटेची हवा आणि उतारवय

हिवाळ्यात मुंबईची हवा वाईट असते ती विशेषतः पहाटे, आणि नेमकी तीच हवा खायला शहरातली ज्येष्ठ मंडळी घराबाहेर पडतात. कानटोपी, मफलर, पायांत बूट, आणि सहाच्या ठोक्याला शिवाजी पार्कच्या फेऱ्या सुरू. पहाटेची हवा शुद्ध असते हा समज जुना आहे. गावात, नदीकाठी तो खराही असेल. शहराच्या हिवाळ्यात तो उलटा ठरतो.

रात्री जमीन लवकर गार होते. तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, आणि वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते. पातेल्यावर झाकण बसावे तसा हा प्रकार. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे शहर धुऊन काढतात. रात्री जमिनीवरून वाहणारे मतलई वारे मंद असतात. त्यामुळे रात्रभराचा गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ आणि लाकडावर चालणाऱ्या भट्ट्यांचा धूर खालीच साचतो. त्यात पहाटे रस्ते झाडणाऱ्यांचे खराटे धूळ उडवतात. सोसायटीच्या फाटकाशी रखवालदाराची शेकोटी धुमसत असते, आणि तिच्यात लाकडाबरोबर प्लास्टिकही जाते. ऊन तापले की झाकण उचलले जाते. तोवर फेऱ्या संपलेल्या असतात. झपझप चालताना माणूस स्वस्थ बसलेल्यापेक्षा कितीतरी पट अधिक हवा आत ओढतो, ही त्यातली आणखी एक गोम.

तरुणाला ही हवा बाधत नाही असे नाही, पण वय झालेल्या शरीराचा बचाव दुबळा असतो. फुप्फुसांची क्षमता विशी-पंचविशीत सर्वाधिक असते, पुढे ती घटत जाते. छातीचा पिंजरा ताठर होतो. श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस धूळ आणि कफ वर ढकलत असतात, तेही मंदावतात. खोकलाही पूर्वीच्या जोराने येत नाही. आत गेलेली धूळ आतच राहते.

त्यातही घातक ते अडीच मायक्रॉनहून लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना यावी. ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. रक्तवाहिन्यांना सूज येते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तदाब चढतो. प्रदूषण म्हटले की दमा आठवतो, पण बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक हृदयविकार आणि पक्षाघाताचे असतात. ज्यांना आधीच मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांच्या रक्तवाहिन्यांवर हा भार अधिकच पडतो. २०२० साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांतही वायुप्रदूषण धरले.

या सगळ्याचा जुना आणि भीषण दाखला लंडनचा. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत तिथे असेच झाकण बसले आणि कोळशाचा धूर शहरात कोंडला. शवपेट्या आणि फुले अपुरी पडू लागली, तेव्हा कुठे संकटाचा आवाका लोकांच्या ध्यानात आला. सुरुवातीचा अंदाज ४,००० मृत्यूंचा होता. नंतरच्या अभ्यासांनी तो १२,००० पर्यंत नेला. सर्वाधिक बळी वृद्धांचे आणि तान्ह्या मुलांचे होते. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला.

खेड्यात धुराचा पत्ता वेगळा आहे. जन्मभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या आजीने विडी कधी ओढलेली नसते, तरी तिला विडी ओढणाऱ्यासारखाच फुप्फुसांचा जुनाट आजार जडतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस आला. पण सिलिंडर संपला की चूल पेटतेच, आणि अंघोळीच्या पाण्याचा बंब अजून लाकडावरच तापतो.

उपाय साधे आहेत. थंडीत फिरायला ऊन वर आल्यावर निघावे, रहदारीचा रस्ता टाळावा. रुमाल बांधून सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी नाकातोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मास्कच लागतो. घरात कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओले फडके बरे. डासांची अगरबत्ती आणि धूप बंद खोलीत नको. बरे वाटते म्हणून इनहेलर परस्पर बंद करू नये. धाप नेहमीपेक्षा वाढली, छातीत दडपण आले किंवा पायांवर सूज दिसली, तर ‘वयोमानाने होते’ म्हणून दिवस काढू नयेत.

हवेचा निर्देशांक मोबाइलवर रोज पाहता येतो. तो पाहताना एक शब्द फसवा आहे. १०१ ते २०० या पायरीला ‘मध्यम’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला ते ठीकठाक वाटते. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यात याच पायरीपुढे हृदयरोगी, लहान मुले आणि वृद्ध यांना त्रास होऊ शकतो, असे लिहिलेले आहे.