पेशीतले बुधले



 मेदाम्लं धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवरची परिषद वऱ्हाडातल्या संत्र्याच्या गावात कशी काय, असं काल रात्री उतरलेल्या एका पाहुण्यांनी मला विचारलं. त्यांना 2020 सालच्या मे महिन्याची हकिगत सांगतो.

त्या महिन्याच्या अखेरीला अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत वाळवंटी टोळ उतरले. आंबिया बहाराची फळं झाडावर होती. आम्ही थाळ्या वाजवल्या, डबे बडवले, रात्र झाल्यावर ट्रॅक्टरच्या पंपानं फवारणी केली. जन्मभर कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवून मी बगीचा सांभाळायला गावी परतलो होतो. सकाळी झाडाखाली मेलेले टोळ गोळा करताना, वर्गात मी घाईनं उरकत असे तो धडा आठवला.

हा टोळ वाऱ्याच्या साथीनं दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर जाऊ शकतो. उडायला लागतो तेव्हा आधी साखर जाळतो, पण ती पुरत नाही. साधारण अर्ध्या तासानंतर तो मुख्यतः चरबीवर उडतो. अडचण अशी की चरबीतून सुटलेलं मेदाम्ल तेलाच्या जातीचं आणि पेशीच्या आत सगळं पाणी. तसंच मोकळं राहिलं तर ते साबणासारखं पेशीच्या पडद्यांना बाधतं. म्हणून प्रौढ टोळाच्या उडण्याच्या स्नायूत, पेशीद्रवातल्या प्रथिनांपैकी सुमारे 18 टक्के प्रथिन एकट्या मेदाम्लाच्या वाहतुकीसाठी असतं. पंख न फुटलेल्या पिल्लात ते सापडत नाही. शेवटची कात टाकून टोळ उडायच्या वयाला आला, की स्नायू ते बनवू लागतो.

शेतकरी मंडळींसाठी सांगतो: पूर्वी तेली तेल न्यायला चामड्याचा बुधला वापरत. हे प्रथिन म्हणजे तसाच बुधला. दहा पट्ट्या वळवून केलेलं पिंप, तोंडावर दोन छोट्या मळसूत्री तुकड्यांचं झाकण, पोटात मेदाम्लाची एक शेपटी. यकृतातला बुधला तेवढा दोन शेपट्या सामावतो. सगळा कारभार एकशे तीसच्या आसपास अमिनो आम्लांचा. हिमोग्लोबिनच्या पावपटीहून लहान.

1972 साली रॉबर्ट ऑकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतडं, यकृत आणि हृदयाच्या स्नायूत असं बंधक प्रथिन असल्याचं ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं. आज माणसात या कुटुंबाची दहा भावंडं माहीत आहेत: चरबीच्या पेशीत, त्वचेत, मेंदूत, मज्जातंतूंच्या आवरणात. एक तर मेदाम्ल सोडून पित्ताम्लं वाहतं. त्या सगळ्यांवर तुम्ही तीन दिवस बोलणारच आहात. मला बोलायचं आहे ते हृदयातल्या भावंडाबद्दल.

टोळाचं प्रथिन आणि आपल्या हृदयातलं प्रथिन यांची अमिनो आम्लं चाळीस टक्क्यांच्या आसपास जुळतात, आणि घडण तर हुबेहूब. आपलं हृदयही निम्म्याहून अधिक ऊर्जा मेदाम्लांतूनच मिळवतं. हे प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांचं हृदय साखरेकडे वळतं आणि ते उंदीर थोड्याच श्रमानं गळून जातात.

हृदयविकाराचा झटका आला की स्नायूपेशी फुटतात. ट्रोपोनिन हे स्नायूतलं प्रथिन बरंचसं तंतूंना बांधलेलं, म्हणून सावकाश बाहेर येतं. बुधला लहान आणि मोकळा. तो एक ते तीन तासांतच रक्तात दिसू लागतो आणि मूत्रपिंडातून दिवसभरात निघूनही जातो. मोठ्या रुग्णालयांत आता अतिसंवेदनशील ट्रोपोनिन चाचणी आली, त्यामुळे रक्तातला बुधला मोजणाऱ्या चाचणीची गरज कमी झाली, असं म्हणतात. तिथल्यापुरतं ते खरं असेल. पण आमच्याकडे छातीत कळ आलेला माणूस बंडीवरून, मग जीपमधून निघतो, आणि पहिले काही तास रस्त्यातच जातात. रक्ताच्या थेंबावर, पट्टीवर करता येणारी ही चाचणी आमच्यासाठी अजून जुनी झालेली नाही. तिच्या उणिवाही मला माहीत आहेत: हातापायांच्या स्नायूंना इजा झाली किंवा मूत्रपिंड अशक्त असलं तरी आकडा चढतो. दिवसभर नांगर धरलेल्या माणसाच्या बाबतीत हा आकडा कसा वाचायचा? हे आम्हाला तुमच्याकडून शिकायचं आहे, आणि ते मराठीत.

मागच्या रांगेत आरोग्य केंद्रातल्या परिचारिका बसल्या आहेत. हृदयावरच्या सत्रानंतर त्यांच्या प्रश्नांसाठी आम्ही पूर्ण एक तास मोकळा ठेवला आहे. वक्त्यांनी तेवढा वेळ थांबावं, ही विनंती. जेवण शेजारच्या शाळेत आहे. संध्याकाळी ज्यांना बगीचा पाहायचा असेल त्यांनी पाच वाजता फाटकापाशी यावं. टोळांनी खाल्लेली ती झाडं आता पुन्हा भरली आहेत.