भाग 14 : प्रार्थना करावी वाटत नाही तेव्हा

मागच्या भागानंतर नांदेडच्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. तिला विचारूनच सांगतोय. म्हणाली, "दादा, माझे पप्पा गेले. चर्चमधले सगळे म्हणतात आनंदी राहा, देवाची योजना आहे. मला तर प्रार्थनाच करावी वाटत नाही. माझा विश्वास संपला का?"

आज मी तिच्याशीच बोलतो. तुम्ही पण ऐका.

एप्रिल 2021. नोकरी पुण्याची, पण वर्क फ्रॉम होम, म्हणून मी लातूरला घरी. पप्पांना कोविड झाला. अकरा दिवस ते वॉर्डात आणि मी बाहेर गाडीत, मांडीवर लॅपटॉप. दर दोन तासाला फोन करून ऑक्सिजनचा आकडा विचारायचा. त्या अकरा दिवसांत केली तेवढी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती. अकराव्या दिवशी पहाटे पप्पा गेले. मातीला आम्ही चौघंच.

मग माझी प्रार्थना बंद. आम्ही सॉफ्टवेअरवाले, काही बंद पडलं की आधी रूट कॉज शोधतो. मला पण कारण पाहिजे होतं. आणि भेटायला येणारे लोक कारणं द्यायचे! देवाला चांगली माणसं लवकर लागतात म्हणे. लै राग यायचा.

आमचे पाळकसाहेब मात्र काहीच बोलले नाहीत. फोनवर स्तोत्र 88 वाचलं आणि फोन ठेवला. बायबलमधली बहुतेक रडणारी स्तोत्रं शेवटी कुठंतरी वर येतात, देवाची स्तुती करतात. हे येतच नाही. सुरुवातीपासून तक्रार आणि शेवट अंधारात. मला वाटलं अ‍ॅपमध्ये पान अर्धंच लोड झालं. नाही, तेवढंच आहे. आणि ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. त्या रात्री मी देवाशी भांडलो. आता वाटतं, कितीतरी दिवसांनी केलेली ती प्रार्थनाच होती.

त्याच पावसाळ्यात पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं. शाळेत आपल्याला एवढंच, शारदा सदन, समाजसुधारक, दोन मार्क. या बाईचे आईवडील आणि बहीण 1870 नंतरच्या दुष्काळात गेले. 1880 ला भाऊ गेला. 1882 ला नवरा कॉलऱ्यानं, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. कडेवर मनोरमा. 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. मला वाटायचं, बाप्तिस्म्यानंतर तरी सुखाचे दिवस आले असतील. पण पुढं 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई स्वतः मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आली. ज्या भुकेनं तिचं घर खाल्लं, तिच्याच दारात परत गेली. तिथंच मुक्ती मिशन उभं राहिलं.

म्हातारपणी ती हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणत होती, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक. त्यानंतरही रमाबाईंनी ते काम सोडलं नाही, पुरं करून एप्रिल 1922 मध्ये गेल्या. त्यांना कारण सापडलं होतं का? मला तसं वाटत नाही.

हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुझे पप्पा पण किल्लारीला असेच गेले होते. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट. भाकरी आणि पाण्याचे ड्रम घेऊन पोरं निघाली. पप्पा परत आले ते दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. म्हणायचे, तिथं कुणी उपदेश केला असता तर लोकांनी हाणला असता.

रविवारी चर्चमध्ये सतरंज्या अंथरायचं काम पप्पांचं होतं. आईनं ते माझ्या गळ्यात घातलं. "प्रार्थना नको करू, सतरंज्या तरी टाक." चार महिने मी तेवढंच केलं, उपासना सुरू झाली की बाहेर. नाताळाच्या आधी एकदा बाहेर पडायचं राहून गेलं.

तर ताई, पुढच्या महिन्यात कॉलेजच्या मित्राच्या लग्नाला मी नांदेडला येतोय, आईला घेऊन. तुझ्या आईला पण भेटू. तोवर स्तोत्र 88 वाच, मोठ्यानं वाच. शेजारचे काही म्हणाले तर म्हणू दे.